जुनी गाडी साठच्या पुढे थरथरते? टायर बदलण्याआधी एवढं तपासा

जुनी बोलेरो, मार्शल किंवा ओम्नी. गावात फिरताना काही तक्रार नाही. पण चांगला डांबरी रस्ता लागला आणि काटा साठकडे सरकला, की सीटखालून भणभण सुरू होते. कुणीतरी सांगतं, टायर बदला. टायर बदलले, बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झालं, तरी थरथर आहे तिथंच. शेवटी निघतो गाडीखालचा एक सुकलेला क्रॉस. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! थरथर कधी येते हे आधी नीट बघितलं, तर हा उलटा खर्च टळतो.

या गाड्यांत इंजिन पुढं असतं, पण ओढ मागच्या चाकांना असते. गिअरबॉक्समधून निघालेला लोखंडी शाफ्ट मागच्या हौसिंगला जोडलेला असतो. त्याच्या टोकांना क्रॉस असतात. गाडी खड्ड्यात खालीवर झाली तरी शाफ्टला वळता यावं, हे क्रॉसचं काम.

आधी रस्त्यावर तीन गोष्टी बघा

चारही चाकांची हवा आणि नट तपासून घ्या. सरळ, मोकळा रस्ता निवडा. शेजारी एक माणूस बसवा आणि नोंद त्याला करू द्या.

1. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस वाढवा. उभ्या गाडीतच तशीच थरथर आली, तर इंजिनकडे किंवा इंजिनच्या रबर माउंटिंगकडे बघा. शाफ्ट तेव्हा फिरतच नसतो.

2. पन्नासच्या वेगाला आधी तिसऱ्या, मग चौथ्या गिअरमध्ये चालवा. दोन्ही वेळा थरथर सारखीच असेल, तर दोष शाफ्टमध्ये, हौसिंगमध्ये किंवा चाकांत आहे. गिअर बदलल्यावर थरथरही बदलली, तर इंजिन किंवा क्लचचा संशय घ्या.

3. थरथर सुरू असताना ॲक्सिलरेटर थोडा दाबा, मग सोडा. दाबला-सोडला की फरक पडत असेल, तर क्रॉस, शाफ्टचा कोन किंवा माउंटिंग. काहीच फरक न पडता नुसती वेगाबरोबर वाढत असेल, तर बॅलन्सचा दोष: चाकाचा, टायरचा किंवा शाफ्टचा.

चाक की शाफ्ट?

साठचा वेग म्हणजे मिनिटाला 1000 मीटर. बोलेरोसारख्या गाडीचं चाक एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातं. म्हणजे चाक मिनिटाला साडेचारशेच्या आसपास फिरतं. शाफ्ट मात्र त्याच्या जवळजवळ चौपट वेगानं फिरतो, म्हणजे अठराशेच्या घरात.

म्हणून चाकाचा दोष हेलकाव्यासारखा जाणवतो. पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग हलतं, मागचं असेल तर सीट हलते. शाफ्टचा दोष बारीक आणि जलद असतो. पायाखालच्या पत्र्याला भणभण लागते, आरसा थरथरून मागचं धूसर दिसतं.

गाडीखाली काय बघायचं

गाडी पक्क्या, सपाट जागेवर घ्या, शेतात नको. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून दगड लावलेले. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. मग गिअर न्यूट्रल करा.

- क्रॉसच्या दोन्ही बाजू दोन हातांनी धरून उलटसुलट पिळा. तिथं खेळ जाणवला तर क्रॉस गेला.
- क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसली तर आतलं ग्रीस संपून सुया गंजल्या आहेत. हळू चालवताना येणारी कुईंकुईं आणि क्लच सोडताना किंवा रिव्हर्स टाकताना येणारा टक आवाज हीसुद्धा त्याचीच खूण.
- शाफ्टला वाळलेला चिखल किंवा डांबर चिकटलंय का? दगडाची पोच आहे का? पाइपवर वेल्डिंग केलेला छोटा लोखंडी तुकडा हे बॅलन्सचं वजन असतं, तो काढू नका. गळून पडला असेल तर जागेवर खूण दिसते.
- शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या बेअरिंगचं रबर फाटलंय का ते बघा.
- पाट्यांचे यू-बोल्ट आणि शाफ्टचे नट-बोल्ट आवळलेले आहेत का, हौसिंगचं ऑइल गळतंय का, हेही बघा.

पाटे वाढवले असतील तर

माल जास्त बसावा म्हणून अनेकजण मागं जादा पाटे टाकतात. गाडी उचलली जाते आणि शाफ्टचा कोन बदलतो. दोन्ही टोकांचे कोन जुळलेले असतील तरच एका क्रॉसचा झटका दुसरा क्रॉस मारून टाकतो. नाही जुळले तर नवा क्रॉससुद्धा थरथरतो. रिकामी गाडी थरथरते आणि भरल्यावर शांत होते, असं असेल तर आधी पाटे आठवा.

शाफ्ट उतरवताना

खोलण्याआधी शाफ्टच्या जोडांवर रंगानं खूण करायला मिस्त्रीला सांगा. सरकत्या जोडाचे दाते एक-दोन घर चुकून बसले, तरी नवी थरथर सुरू होते. नवा क्रॉस बसल्यावर चारही लॉक खाचेत बसलेत का आणि ग्रीस चारही टोप्यांतून बाहेर येतंय का, ते समोर उभं राहून बघा. पोच आलेला शाफ्ट ठोकून सरळ करण्यापेक्षा मशीनवर बॅलन्स करून घ्या किंवा बदला.

अल्टो, स्विफ्ट, इंडिका असेल तर

या गाड्यांत ओढ पुढच्या चाकांना असते, लांब शाफ्ट नसतो. पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू निघताना कटकट आवाज आला तर चाकाकडचा जॉइंट बघा. ॲक्सिलरेटर दाबल्यावरच थरथर येत असेल तर गिअरबॉक्सकडचा. रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर उडालं असेल तर उशीर करू नका.

इथं गाडी थांबवाच

क्रॉसमध्ये हाताला खेळ लागतोय, टक आवाज वाढलाय आणि थरथर रोज वाढतेय, तर त्या गाडीत वडाप भरू नका, शाळेची पोरं नेऊ नका. पुढचा क्रॉस धावत्या गाडीत तुटला, तर शाफ्टचं टोक खाली पडून रस्त्यात रुततं आणि गाडी हातातून जाते.

गॅरेजला जाताना "गाडी थरथरते" एवढंच सांगू नका. किती वेगाला, कोणत्या गिअरमध्ये, भरलेली की रिकामी, ॲक्सिलरेटर सोडल्यावर काय होतं, हे चिठ्ठीवर लिहून न्या. मिस्त्रीचं निम्मं काम तिथंच होतं, आणि तुमचे चार टायर वाचतात.