सत्तावीस मोहरांचा कस

पानिपतजवळच्या काला अंब येथील स्मारकापाशी दरवर्षी १४ जानेवारीस मराठी माणसे जमतात. १७६१ च्या त्या संग्रामानंतर नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडलेले सावकारी पत्र सर्वश्रुत आहे. त्यात पडलेले सरदार २७ मोहरा झाले होते, तर सामान्य शिपाई रुपये आणि खुर्दा. माणसांची प्रत नाण्यांत सांगणारी ही भाषा कठोर खरी. पण ती सराफी पेढीची होती, आणि नाण्याची प्रत ठरवणे हा पेढीचा नित्याचा उद्योग. मोहीमही नाण्यापाशीच अडली होती. ऑगस्ट १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्लीच्या दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून तिचे सुमारे ९ लाख रुपये पाडले. पानिपताच्या चर्चेत तोफा फार येतात, टांकसाळ क्वचितच.

मोहर खरी की खोटी, हे सराफ कसे ओळखत? काळ्या कसोटीच्या दगडावर नाणे घासायचे आणि उमटलेली रेघ ठाऊक कसाच्या सोन्याच्या रेघेशी ताडून पाहायची. कसोटी फक्त पृष्ठभागाचीच साक्ष देते, आणि ही उणीव लबाडांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. कौटिलीय अर्थशास्त्रात नखाच्या फटीतून गेरू भुरभुरून रेघेचा रंग बदलण्याची युक्ती नोंदलेली आहे. शिशाच्या तुकड्यावर सोन्याचा पत्रा घट्ट बसवण्याचा प्रकारही आहे. तो उघडा पाडण्यासाठी तापवणे, कसोटीवर घासणे, खरवडणे आणि आवाज ऐकणे हे उपाय तेथेच दिले आहेत. 'खणखणीत नाणे' हा आपला शब्दप्रयोग या शेवटच्या परीक्षेचा वारस.

याहून भरवशाची परीक्षा घनतेची. सोन्याची घनता घन सेंटीमीटरला १९.३ ग्रॅम, शिशाची ११.३, चांदीची १०.५. सुमारे १०.९ ग्रॅमची शुद्ध मोहर दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवली, तर तिचे वजन ०.५६ ग्रॅमने घटलेले दिसेल. तितक्याच वजनाच्या शिशाचे ०.९६ ग्रॅमने. साधा तराजूही हा फरक दाखवतो. पानिपतच्या काळी सोन्याइतका जड आणि स्वस्त धातू आपल्याकडील भेसळ करणाऱ्याच्या हाती नव्हता.

ही निश्चिंती पुढे संपुष्टात आली. १७८३ मध्ये स्पेनमधील एल्हुयार बंधूंनी टंगस्टन वेगळा केला. त्याची घनता १९.२५! टंगस्टनचा गाभा असलेल्या मोहरेच्या घटीत फरक पडेल तो एक-दोन मिलिग्रॅमचा, म्हणजे दुकानातल्या काट्याला न जाणवणारा. क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्रही वरच्या काही मायक्रोमीटरांपलीकडे पाहत नाही; त्याचा आकडा पाहून सोन्याची जाड वीट विकत घेणे मला धाडसाचेच वाटते. येथे ध्वनीच पुन्हा कामी येतो: स्वनातीत तरंग सोन्यातून सेकंदाला सुमारे ३,२४० मीटर वेगाने जातात, टंगस्टनमधून सुमारे ५,२०० मीटर. टंगस्टनची विद्युतवाहकताही सोन्याच्या निम्म्याहून कमी असते.

दागिन्यांना १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून त्यावर सहा अक्षरांकांचा एचयूआयडी आवश्यक ठरला. तो क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर पडताळता येतो. खोदकामात सापडलेल्या म्हणून गुपचूप विकायला आणलेल्या मोहरांवर असला क्रमांक असण्याचा प्रश्नच नाही. त्या व्यवहारात नमुन्याची पहिली मोहर बहुधा अस्सल असते. ती सराफाकडून तपासून आणण्याचा आग्रह विकणाराच धरतो.