‘चौथा क्रमांक’ म्हणे! १९५२ची उत्तर मुंबई आणि ज्ञानकोशातला तक्ता

दरवर्षी १४ एप्रिल जवळ आला की एक पोस्ट हमखास फिरते : ‘आंबेडकर १९५२च्या निवडणुकीत चौथ्या क्रमांकावर फेकले गेले.’ सोबत कुठल्यातरी मुक्त ज्ञानकोशातल्या तक्त्याचा फोटो असतो. आपली पोरं चवताळतात आणि खाली लिहितात की काँग्रेसने कट करून पाडलं. भांडण दोन दिवस चालतं. तक्ता मात्र तिथेच राहतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा कामाला येतो.

आम्ही काही जणांनी ठरवलं की या वेळी पोस्टला उत्तर न देता तक्त्यालाच हात घालायचा. विकिपीडियासारख्या ज्ञानकोशात कुणीही संपादन करू शकतं, मग आपण का करू नये? तिथे काय शिकलो, ते सांगण्याआधी आकडे पाहू.

मुंबई शहर उत्तर, पहिली लोकसभा. विठ्ठल बाळकृष्ण गांधी (काँग्रेस) १,४९,१३८. अशोक मेहता (समाजवादी) १,३९,७४१. नारायण सदोबा काजरोळकर (काँग्रेस) १,३८,१३७. डॉ. बाबासाहेब आंबेडकर (शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन) १,२३,५७६. कॉ. श्रीपाद अमृत डांगे (कम्युनिस्ट) ९६,७५५. त्याखाली आणखी काही उमेदवार.

आता विचारा, निवडून कोण आलं? गांधी आणि काजरोळकर. म्हणजे तक्त्यात दुसऱ्या क्रमांकावर असलेले अशोक मेहता पडले आणि तिसरे काजरोळकर खासदार झाले. ‘चौथा क्रमांक’ म्हणून हसणाऱ्यांपैकी एकालाही हे खटकलं नाही. खरं सांगायचं तर आमच्यापैकी बहुतेकांनाही ते आधी खटकलं नव्हतं.

याचं उत्तर द्विसदस्यीय मतदारसंघात आहे. १९५१-५२ साली लोकसभेच्या ४८९ जागा होत्या, पण मतदारसंघ होते ४०१. त्यांपैकी ८६ मतदारसंघांतून प्रत्येकी दोन खासदार जायचे आणि उत्तर बंगालच्या एका मतदारसंघातून तीन. मुंबई शहर उत्तरमध्ये एक जागा सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव होती. प्रत्येक मतदाराला दोन मतं होती, पण ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यावी लागत. मोजणीनंतर आधी राखीव जागा भरायची : अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याची मतं सर्वांत जास्त, तो विजयी. मग उरलेल्या सगळ्यांत जो पुढे, त्याला दुसरी जागा. या उरलेल्यांत अनुसूचित जाती-जमातीचा उमेदवारही येऊ शकत होता. १९५७ साली आंध्रातल्या पार्वतीपुरममध्ये नेमकं तसंच झालं. दोन्ही जागांवर आदिवासी उमेदवार निवडून आले आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी पडले. गिरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तिथेही हरले. त्यानंतर १९६१मध्ये कायदा करून द्विसदस्यीय मतदारसंघच रद्द करण्यात आले. याचा अर्थ ज्याने त्याने काढावा.

तेव्हा राखीव जागेसाठी बाबासाहेबांची लढत काजरोळकरांशी होती. फरक १४,५६१ मतांचा. बाबासाहेबांना १,३८,१३८ मतं मिळाली असती तर ते खासदार झाले असते, आणि तेव्हाही तक्त्यात अशोक मेहतांच्या खालीच दिसले असते. इथे ‘चौथा क्रमांक’ या शब्दाला अर्थच उरत नाही. टक्केवारीचंही तेच. एका मतदाराला आपली दोन्ही मतं एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. त्यामुळे प्रत्येकाने दोन्ही मतं वापरली असती, तरी कुणाही उमेदवाराला एकूण मतांच्या निम्म्याहून जास्त मतं मिळणं शक्यच नव्हतं. ज्ञानकोशातला नेहमीचा साचा मात्र एका जागेच्या लढतीसाठी केलेला असतो : विजयी, उपविजयी, मताधिक्य, टक्के. त्यात १९५२ कोंबलं की इतिहास वाकडा होतो. आकडा एकही खोटा नसतो, तरी वाचणाऱ्याच्या डोक्यात चुकीचंच शिरतं.

त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती. फेडरेशनचं चिन्ह हत्ती. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर एकच धरली जाई, दुसरी बाद. आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ‘मत कुजवणं’ हा शब्द आहे, तो इथला. मुंबई शहर उत्तरमध्ये अशी ७४ हजारांवर मतं बाद झाली. निकालातला फरक होता साडेचौदा हजारांचा. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी मिळून निवडणूक याचिका दाखल केली, तिच्यात या बाद मतांचाच मुद्दा होता. ‘चौथा क्रमांक’वाल्या पोस्टमध्ये हे कधी येत नाही. आपल्या उत्तरांतही येत नाही, कारण आपण ‘कट’ या एका शब्दावर काम भागवतो.

आता आमची फजिती. एका ज्ञानकोशात आमच्यातल्या एकाने पहिल्याच फटक्यात दोन परिच्छेद घातले. त्यांत ‘विश्वरत्न’, ‘मनुवादी षड्यंत्र’, सगळं होतं. तासाभरात ते उलटवलं गेलं. आमच्यात संताप झाला, जातीयवाद म्हणून पोस्ट लिहायचीही तयारी झाली. मग शांतपणे चर्चा पान वाचलं. आक्षेप एवढाच होता की संदर्भ नाही आणि भाषा तटस्थ नाही. दोन्ही आक्षेप बरोबर होते. दुसऱ्या वेळी आधी धूळपाटीवर लिहिलं, निवडणूक आयोगाच्या १९५१च्या सांख्यिकी अहवालाचा संदर्भ दिला, तक्त्यात ‘सर्वसाधारण जागा’ आणि ‘राखीव जागा’ असे दोन भाग केले आणि खाली चार ओळींत मोजणीची पद्धत मांडली. ते टिकलं.

या कामाला एक मर्यादा आहे, ती आधीच समजून घ्या. समाजवादी पक्षाशी फेडरेशनची युती होती. मेहतांना बाबासाहेबांपेक्षा १६,१६५ मतं जास्त पडली. समाजवादी मतदाराने आपलं दुसरं मत बाबासाहेबांना दिलं की नाही, हा प्रश्न आपल्या मनात येणारच. तो आम्ही इथे विचारू. ज्ञानकोशात आपला तर्क चालत नाही, छापील अभ्यासात कुणी तो मांडला असेल तरच चालतो. म्हणून लेख, प्रबंध, पुस्तकं लिहिणारी माणसंही आपल्यातून लागतील. नुसत्या संपादनाने भागणार नाही.

आणि चुका फक्त बाहेरच्यांच्या नाहीत. १९५२मध्ये फेडरेशनचे दोन खासदार निवडून आले : सोलापूरहून पां. ना. राजभोज आणि हैदराबाद राज्यातल्या करीमनगरहून एम. आर. कृष्णा. सोलापूरची दुसरी जागा शेकापच्या शंकरराव मोरे यांनी जिंकली होती. ही नावं आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहेत? १९५७मध्ये नाशिकहून दादासाहेब गायकवाड आणि कोपरगावहून बी. सी. कांबळे निवडून आले. त्यांच्या नावापुढे त्या निवडणुकीसाठी ‘रिपब्लिकन’ लिहिणारे आपलेच लोक आहेत. मतदान झालं फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला ३ ऑक्टोबर १९५७ला. ते फेडरेशनचेच खासदार म्हणून निवडून आले होते. १९६२ला रिपब्लिकन पक्षाचे तीन खासदार आले, तिन्ही उत्तर प्रदेशातून. त्यांपैकी अलीगढचे बी. पी. मौर्य यांच्यावर मराठीत नीट पान हवं.

सध्या आम्ही १९५४च्या भंडारा पोटनिवडणुकीवर काम करतोय. तिथेही दोन जागा होत्या आणि तिथेही बाबासाहेब ‘तिसरे’ आल्याचं सर्रास लिहिलं जातं. प्रत्यक्षात सर्वसाधारण जागा अशोक मेहतांनी जिंकली आणि राखीव जागा काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी. दुसरं मत कुजवण्याचा सल्ला बाबासाहेबांनी नाकारला, ही आठवण आपल्याकडे सगळेच सांगतात. पण पानावर घ्यायची तर ती कोणी, कधी, कुठे छापली, हे पान क्रमांकासह द्यावं लागेल. ज्यांच्या घरी ‘जनता’चे १९५४चे अंक असतील, त्यांनी एप्रिल-मेचे अंक आधी काढून पाहावेत.