दोन वेळची घंटा

सोलापूरकडच्या जेऊरसारख्या गावात संध्याकाळ झाली हे घड्याळाला विचारावे लागत नाही. देवळात टाळ वाजले की हरिपाठ सुरू झाला हे उसाला दारं धरलेल्या गड्यालाही कळते. तो जाईलच असे नाही. बऱ्याचदा चिखलातल्या पायांनी तिथूनच हात जोडतो आणि पुढचा वाफा भरायला लागतो.

इंग्लंडातल्या बेमर्टन गावची सतराव्या शतकातली अशीच एक आठवण आयझॅक वॉल्टनने लिहून ठेवली आहे. कवी जॉर्ज हर्बर्ट तिथला पाळक. त्याची प्रार्थनेची घंटा वाजली की शेतात लोक नांगर थांबवत, उभ्या जागी प्रार्थना करत आणि पुन्हा औताला लागत. वॉल्टन आपल्या चरित्रनायकांवर जरा जास्तच माया करतो. तरी घंटेबद्दल शंका घ्यायचे कारण नाही, ती चर्चच्या नियमातच होती.

या घंटेचे मूळ मठात आहे. युरोपातले ख्रिस्ती मठवासी दिवसरात्र मिळून आठ वेळा प्रार्थनेला जमत. भाषा लॅटिन, आणि सणवारांप्रमाणे बदलणाऱ्या पाठांचा पसारा असा, की वाचण्यापेक्षा काय वाचायचे ते शोधण्यातच जास्त वेळ जातो, अशी तक्रार आर्चबिशप थॉमस क्रॅन्मरने केली. १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात त्याने हा पसारा आटवला. रात्रीच्या आणि पहाटेच्या प्रार्थनांची मिळून एक सकाळची प्रार्थना झाली, सांजेची आणि झोपण्यापूर्वीची मिळून एक संध्याकाळची. भाषा इंग्रजी. स्तोत्रसंहितेतली १५० स्तोत्रे ३० दिवसांत, रोज दोन हप्ते अशी वाटून दिली. लॅटिन समजत नसलेल्या माणसाच्याही वर्षभरात बायबलचा बराच भाग कानांवरून जाईल, हा हिशेब होता. ज्याला ज्ञानेश्वरीचे पारायण झेपत नाही त्याच्या हाती हरिपाठ यावा, तसेच हे.

पुढे १६६२ च्या पुस्तकानेही पाळकाला बजावले, की रोज दोन्ही वेळा प्रार्थना म्हणायची. गावात असशील तर देवालयात म्हणायची, आणि आधी घंटा वाजवायची. कोणी आले नाही तर काय, हा प्रश्नच त्यात नाही. घंटा बोलावण्यासाठी आहेच, पण आपल्या वतीने कोणीतरी प्रार्थनेला उभे आहे एवढे रानातल्या माणसाला कळले तरी तिचे काम झाले. मला या साऱ्या प्रकारात हीच गोष्ट सर्वांत शहाणपणाची वाटते.

अठराव्या शतकात पुष्कळ गावांतली ही रोजची घंटा मुकी झाली, रविवारच तेवढा उरला. १८३३ पासून ऑक्सफर्डच्या चळवळीने ती पुन्हा वाजवायला घेतली, आणि गंमत अशी, की त्याच चळवळीच्या पोटी अँग्लिकन पंथात मठही परतले. १८६६ साली ऑक्सफर्डजवळ काउली येथे स्थापन झालेल्या संघाचे फादर १८७४ च्या सुमारास मुंबईत आले, तिथून पुण्याला. मठातून सोडवून गावाला दिलेली प्रार्थना इथे अशी पुन्हा मठवाल्यांच्या खांद्यावरूनही आली.

गुरुवार पेठेतले त्यांचे पंचहौद मिशन मराठी वाचकाला आठवते ते १८९० च्या चहासाठी. टिळक-रानडे तिथे गेले, पुढे प्रायश्चित्ताचे रामायण झाले. पण पेल्यांच्या खडखडाटात तिथले पवित्र नाम देवालय झाकून गेले. १८८५ पासून ते उभे आहे आणि त्याच्या मनोऱ्यात आठ घंटा आहेत. याच काउलीच्या फादरांशी नीळकंठशास्त्री गोरे जोडले गेले होते. काशीत वाढलेला हा चित्पावन पंडित १८४८ मध्ये ख्रिस्ती झाला. संध्या चुकवायची नाही असल्या वळणात वाढलेल्याला ठरल्या वेळी ठरले शब्द म्हणण्यात नवे काय वाटणार!

सोलापूरकडचे वळण मात्र निराळे. जेऊर तिकडचेच. या बाजूला काम केले अमेरिकन मराठी मिशनने. त्यांच्याकडे पुस्तकातल्या प्रार्थनेची सक्ती नव्हती, पाळक मनात येईल तसे देवाशी बोले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि पुस्तकवाले व बिनपुस्तकवाले एका छपराखाली आले.

१६६२ च्या पुस्तकातली एक बारीक तरतूद सांगायची राहिली. ३० दिवसांचा हिशेब, त्यामुळे टाळ-झांजांनी देवाची स्तुती करा म्हणणारे दीडशेवे स्तोत्र फेब्रुवारीत वाट्याला येतच नाही. त्याची भरपाई ३१ दिवसांच्या महिन्यात होते, कारण शेवटच्या दिवशी ३० तारखेचीच स्तोत्रे पुन्हा म्हणायची असतात. झांजा लागोपाठ दोन संध्याकाळ वाजतात.