गाठीवरचा ठसा आणि छायाचित्रावरची सही

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील वडनेर हे नागपूर–हैदराबाद महामार्गावरील गाव काळ्या जमिनीच्या कापूसपट्ट्यात मोडते, आणि मालावर ओळखीची खूण उमटवण्याच्या प्रथेचा इतिहास पाहायचा असल्यास हा पट्टा सोयीचा आहे, कारण येथील कापसाला एकोणिसाव्या शतकातच ‘हिंगणघाट’ या नावाने परदेशी बाजारात ओळख मिळाली होती. हे नाव मात्र मुलखाचे होते. ते गाठ कोणी बांधली हे सांगत नव्हते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861–65) तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, भारतीय कापसाचे भाव चढले आणि लांब धाग्याच्या रुईत हलकी रुई मिसळून किंवा वजन वाढवण्यासाठी पाणी मारून ती खपवण्याचा मोह बळावला. मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी कापूस-आयुक्त म्हणून नेमलेल्या रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याच्या कामात हिंगणघाटी वाणाची शुद्धता टिकवणे हा महत्त्वाचा भाग होता. 1870 च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटपर्यंत रेल्वे आली आणि जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, म्हणजे सरकी वेगळी करून रुईच्या घट्ट गाठी बांधणारे कारखाने, वाढत गेले. तेव्हा शेतकऱ्याच्या वावरापासून परदेशी गिरणीपर्यंतची साखळी इतकी लांबली की, खराब माल निघाल्यास दोष कोणाचा हे ठरवणे जवळजवळ अशक्य झाले.

यावर कायदेशीर उपाय उशिराच निघाला. 1917 साली नेमलेल्या भारतीय कापूस समितीने भेसळीचा प्रश्न तपासला आणि त्यानंतर आलेल्या 1925 च्या कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखाने अधिनियमाने प्रत्येक प्रेसला स्वतःची खूण ठरवून दिली. गाठ प्रेसघराबाहेर पडण्यापूर्वी तिच्यावर ही खूण आणि अनुक्रमांक उमटवणे मालकावर बंधनकारक झाले, शिवाय रोज किती गाठी बांधल्या, त्यांचे क्रमांक कोणते आणि त्या कोणासाठी बांधल्या याची नोंदवही ठेवणेही आले. गाठीवर रंगाने उमटलेल्या त्या आकड्यांत सजावट काहीच नव्हती, पण नोंदवहीशी ताडून पाहिल्यास शेकडो कोस दूर उघडलेल्या गाठीचा माग थेट एका कारखान्यापर्यंत आणि एका व्यापाऱ्यापर्यंत लागत असे. ही खूण कीर्तीसाठी नव्हे, तर जबाबदार धरता यावे म्हणून होती, आणि ती कारखानदाराने हौसेने मारलेली नसून त्याच्याकडून मारून घेतलेली होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. तयार कापडाच्या बाबतीत हेच काम 1889 च्या व्यापारी माल चिन्ह अधिनियमाने आधी केले होते. त्यानुसार कापडाच्या ताग्यावर लांबीचा छाप आवश्यक ठरला. गिरण्यांनी ताग्यांवर चिकटवलेली देवदेवतांची रंगीत तिकिटे मात्र गिऱ्हाइकासाठी होती, कारण अक्षरओळख नसलेला खरेदीदार चित्रावरून माल ओळखत असे.

छायाचित्रावरच्या खुणेचा उगम वेगळ्या गरजेत आहे. मुंबईत 1854 साली छायाचित्रण संस्था स्थापन झाली, पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत या कलेचा वर्ग सुरू झाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे भारतीय व्यावसायिक पुढे आले. त्या काळी काचेच्या निगेटिव्हवरून कागदावर प्रत काढली जाई, त्यामुळे सॅम्युअल बोर्न किंवा लाला दीनदयाळ यांच्या पेढ्यांची नावे व क्रमांक बहुधा निगेटिव्हवरच लिहिले जात आणि प्रत्येक प्रतीत आपोआप उतरत. यामागील तंत्र पाहण्यासारखे आहे. लेपाच्या बाजूने लिहायचे तर अक्षरे आरशातल्यासारखी उलटी काढावी लागत, आणि शाईने लिहिलेली अक्षरे प्रकाश अडवत असल्याने प्रतीत पांढरी दिसत, तर सुईने लेप खरवडून काढलेली अक्षरे काळी उमटत. क्रमांकाचा उपयोग मुख्यतः दुकानदारीचा होता: गिऱ्हाइकाने क्रमांक कळवला की पेढी तीच काच काढून नवी प्रत तयार करी. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या लहान व्यक्तिचित्रांच्या मागे छापलेले पेढीचे नाव आणि पत्ता ही तर सरळ जाहिरातच होती. पुढे शहरांतील स्टुडिओंनी कोपऱ्यात शाईविना दाबून उठवलेला शिक्का मारला, तर लहान गावांच्या स्टुडिओंना मागच्या बाजूचा रबरी शिक्का पुरला. वडनेरसारख्या गावांतील जुन्या लग्नाच्या फोटोंचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाने आधी चौकट उघडून पाठच पाहावी.

हा शिक्का मालकीचा पुरावा आहे, असा समज सर्रास आढळतो, पण तो टिकत नाही. 1957 च्या कॉपीराइट अधिनियमाने, आणि त्याआधी लागू असलेल्या 1911 च्या ब्रिटिश कायद्यानेही, पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा प्रथम हक्क, वेगळा करार नसल्यास, काढवून घेणाऱ्याला दिला होता. वधूपित्याने मोबदला मोजून काढवलेल्या चित्रावर स्टुडिओचा ठसा असला तरी हक्क वधूपित्याचाच राही; ठसा केवळ नाव सांगे. नाव सांगण्याचा अधिकार मात्र कायद्याने स्वतंत्रपणे मान्य केला, कारण याच अधिनियमाच्या 57 व्या कलमाने निर्मात्याला, हक्क विकल्यानंतरही, कृतीचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याची मुभा दिली. येथेच स्टुडिओच्या खुणेची मर्यादा उघड होते: ती पेढीचे नाव देते, कॅमेऱ्यामागच्या माणसाचे नव्हे. दीनदयाळ यांच्या पेढीच्या नावाने निघालेली सर्व चित्रे त्यांनी स्वतः टिपलेली नाहीत, आणि गावच्या स्टुडिओतही लग्नाला कॅमेरा घेऊन कोण गेला होता याचा शिक्क्यावर पत्ता नसतो.

2012 च्या दुरुस्तीने ही उणीव व्यवहाराची बाब बनवली. तोपर्यंत छायाचित्राच्या हक्काची मुदत प्रसिद्धीपासून 60 वर्षे धरली जाई. दुरुस्तीनंतर ती छायाचित्रकाराच्या हयातीनंतर 60 वर्षे झाली. परिणामी, ज्या चित्रांचा हक्क तेव्हा संपलेला नव्हता, त्यांची मुदत मोजण्यासाठी छायाचित्रकार कोण आणि तो केव्हा वारला हे कळणे आवश्यक ठरले, आणि रबरी शिक्क्यावर यांपैकी एकही गोष्ट छापलेली नसते.