छायाचित्रातील मुख आणि प्रभूची ओळख

ढगांच्या आकारात, भिंतीवरील ओलीच्या डागात किंवा एखाद्या घरगुती छायाचित्राच्या कोपऱ्यात अकस्मात मुख दिसावे, आणि ते प्रभू येशूचे किंवा पवित्र मरीयेचे आहे असे पाहणाऱ्याच्या मनाने घ्यावे, हा अनुभव ख्रिस्ती मंडळीस नवा नाही. नवी आहे ती त्याच्या प्रसाराची गती. बेळगावहून खानापूरमार्गे गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मच्छे या गावाचेच उदाहरण घ्या. उद्योग वसाहतीमुळे तेथे निरनिराळ्या ठिकाणांहून आलेली, निरनिराळ्या भाषा बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. अशा वस्तीत भ्रमणध्वनीवरील छायाचित्र एका घरातून दुसऱ्या घरी जावयास क्षणही पुरत नाही, आणि त्यामागोमाग प्रश्न येतो तो धर्मशिक्षकाकडे : 'यात प्रभू दिसतो, हे खरे ना?' 'होय' म्हणावे तर सत्याचा अपलाप होण्याची भीती. 'नाही' म्हणावे तर साध्या भाविकाचे अंतःकरण दुखावण्याची भीती. या पेचाचा विचार करताना मंडळीच्या इतिहासाचे साहाय्य घ्यावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वी अशा दर्शनांचा आधार एकच होता, व तो म्हणजे साक्षीदार. मच्छेवरून जाणारा रस्ता ज्या गोव्याकडे जातो तेथीलच उदाहरण देता येईल. जुन्या गोव्यातील एका टेकडीवर उभारलेल्या साध्या क्रुसावर १६१९ साली क्रुसावरील ख्रिस्ताचे दर्शन झाले, अशी परंपरा आहे. 'चमत्कारांचा क्रूस' या नावाने ओळखला जाणारा तो क्रूस आज जुन्या गोव्याच्या सी कॅथेड्रलमध्ये आहे. त्या दर्शनाविषयी कोणाचे मत काहीही असो, त्याची वार्ता माणसाच्या मुखातून आली. ज्याने पाहिले त्याला प्रश्न विचारता येत होता. त्याचे चारित्र्य, त्याची मनःस्थिती, त्याचा हेतू यांची पारख करता येत होती.

१८३९ साली फ्रान्समध्ये दागेर याची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, म्हणजे १८५४ साली, मुंबईत छायाचित्रकारांची संस्थाही स्थापन झाली. या नव्या कलेने लोकांच्या मनात एक विलक्षण समजूत रुजविली. चित्रकार चुकेल, साक्षीदार खोटे बोलेल. पण येथे तर प्रकाश स्वतःच आपली साक्ष काचेवर लिहितो, मग ती खोटी कशी असेल? या समजुतीचा लाभ उठविणारेही लवकरच निघाले. अमेरिकेत विल्यम ममलर याने १८६१ च्या सुमारास मृतांच्या छाया दाखविणारी छायाचित्रे विकण्यास आरंभ केला. यादवी युद्धात आप्तेष्ट गमावलेल्या शोकाकुल कुटुंबांनी ती मोठ्या श्रद्धेने घेतली. १८६९ साली न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला. एकाच काचेवर दोन चित्रे उमटविण्याची युक्ती जाणकारांनी न्यायालयात उलगडून सांगितली. तरीही पुराव्याअभावी तो सुटला. या प्रकरणात आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, ममलरचे गिऱ्हाईक मूर्ख नव्हते, ते दुःखी होते. अस्पष्ट छायेत त्यांनी जे मुख ओळखले ते त्यांच्या अंतःकरणात आधीच होते.

छायाचित्र आणि ख्रिस्ताचे मुख यांचा सर्वांत गाजलेला संबंध तुरीनच्या वस्त्राचा होय. २८ मे १८९८ रोजी सेकोंदो पिया या इटालियन वकिलाने त्या वस्त्राचे छायाचित्र घेतले. काच धुताना उलट्या प्रतिमेत त्याला एक शांत, रेखीव, दाढीधारी मुख स्पष्ट दिसले, आणि ही वार्ता जगभर पसरली. परंतु या वस्त्राविषयी मंडळीतील विचारविनिमय त्याहून पाचशे वर्षांनी जुना आहे. १३८९ साली त्र्वा येथील बिशप प्येर दार्सी यांनी हे वस्त्र मानवी हातांनी रंगविलेले आहे अशी लेखी तक्रार केली. आणि आव्हिन्योन येथील सातवा क्लेमेंट याने १३९० साली ते दाखविण्यास अनुमती दिली ती, हे प्रत्यक्ष प्रेतवस्त्र नसून त्याची प्रतिकृती आहे असे लोकांस स्पष्ट सांगावे, या अटीवर. १९८८ साली ऑक्सफर्ड, झ्युरिक व ॲरिझोना येथील तीन प्रयोगशाळांनी कार्बन-पद्धतीने केलेल्या परीक्षेत त्या कापडाचा काळ इ. स. १२६० ते १३९० असा निघाला. या निष्कर्षावर आक्षेप घेणारे अभ्यासकही आहेत.

याच वस्त्राच्या संदर्भात आमच्या विषयाशी अगदी निकटची अशी एक घटना आहे. १९७९ साली शिकागो येथील येशूसंघीय धर्मगुरू फ्रान्सिस फिलास यांनी, १९३१ साली घेतलेल्या छायाचित्रांचे मोठे आकार पाहून, वस्त्रावरील मुखाच्या डोळ्यावर पंतय पिलाताच्या काळातील नाण्याची अक्षरे दिसतात असे प्रतिपादन केले. फिलास हे विद्वान व प्रामाणिक गृहस्थ होते. परंतु छायाचित्र पुष्कळ मोठे केले की त्याच्या फितीवरील कण आणि कापडाची वीण यांतून हवी ती रेघ दिसू लागते, असा टीकाकारांचा आक्षेप राहिला. तात्पर्य, विद्वत्ता या अनुभवापासून कोणाचे रक्षण करीत नाही. तेव्हा मच्छेतील अल्पशिक्षित कामगारास हसण्याचा अधिकार आपणांपैकी कोणालाही नाही.

आता बेळगावकडे वळू. १९५३ साली स्थापन झालेल्या बेळगाव धर्मप्रांताचे कॅथेड्रल फातिमा मातेच्या नावाने आहे. पोर्तुगालमधील फातिमा येथे १३ ऑक्टोबर १९१७ रोजी सूर्य फिरताना दिसला, अशी साक्ष त्या वेळी जमलेल्या हजारोंपैकी अनेकांनी दिली. त्या प्रसंगी वृत्तपत्राचा छायाचित्रकार तेथे उपस्थित होता. त्याची छायाचित्रे आजही उपलब्ध आहेत. पण त्यांत सूर्याचा चमत्कार नाही. त्यांत आहेत ती माणसे : ओल्या कपड्यांनी उभी, आकाशाकडे पाहणारी, काही गुडघे टेकलेली. पुढे १९५१ साली व्हॅटिकनच्या 'ऑस्सेर्व्हातोरे रोमानो' या वृत्तपत्राने त्या दिवसाच्या सूर्याची म्हणून दोन छायाचित्रे प्रसिद्ध केली. ती त्या दिवसाची नव्हेत, असे नंतर निष्पन्न झाले. फातिमाची भक्ती मात्र त्या छायाचित्रांवर उभी नव्हती, म्हणून त्यांच्याबरोबर ती ढासळलीही नाही. श्रद्धेला छायाचित्राचा टेकू देऊ पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मग ही मुखे दिसतात तरी का? आधुनिक मानसशास्त्राचे उत्तर सरळ आहे. माणसाचे मूल जन्मतःच मुखाकडे वळते. दोन ठिपके आणि खाली एक आडवी रेघ एवढ्यावरून आपला मेंदू मुख ओळखतो, कारण आईचे मुख व शत्रूचे मुख क्षणार्धात ओळखण्यावर त्याचे जगणे अवलंबून असते. या ओळखीत मेंदू कमीपेक्षा अधिकाच्या बाजूने चुकतो. २५ जुलै १९७६ रोजी 'व्हायकिंग' यानाने मंगळावरील एका टेकडीचे छायाचित्र घेतले, तेव्हा सावल्यांमुळे तीत भव्य मानवी मुख दिसले. २००१ साली अधिक स्पष्ट छायाचित्र आले आणि तेथे झिजलेली टेकडीच उरली. टोरंटो विद्यापीठातील संशोधक व त्यांचे चिनी सहकारी यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तर विशेष बोधप्रद आहे. त्यांनी लोकांना केवळ निरर्थक ठिपक्यांची चित्रे दाखविली; मात्र त्यांपैकी निम्म्या चित्रांत मुखे आहेत असे आधी सांगून ठेवले. सुमारे एक तृतीयांश वेळा लोकांना मुख दिसले! डोळ्यांनी पाहण्यापूर्वी कानांनी ऐकले होते, हे त्याचे कारण.

बर्फ व काळी जमीन यांच्या डागांतून ख्रिस्ताचे मुख दाखविणारे एक प्रसिद्ध कृष्णधवल चित्र आमच्या वाचकांपैकी काहींनी पाहिले असेल. त्याची कथा कोणी चीनमधील सांगतो, कोणी हिमालयातील, तर कोणी आल्प्स पर्वतातील. कथेचे स्थळ बदलते, चित्र तेच राहते. १९५४ साली एका अमेरिकन मानसशास्त्रीय नियतकालिकात ते 'कोडे-चित्र' म्हणून छापले गेले. प्रथम त्यात काहीच दिसत नाही; एकदा मुख दिसले की मग ते न पाहणे अशक्य होते.

येथे धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने एक प्रश्न अवश्य विचारला पाहिजे : हे मुख ख्रिस्ताचे, हे आपण कशावरून ओळखतो? चारही शुभवर्तमानांत प्रभूच्या चेहऱ्याचे वर्णन नाही. पौलाने ते केले नाही. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायाकडे पाहिले, तर तेथील दुःख सोसणाऱ्या सेवकास डोळ्यांत भरेल असे रूपच नाही. तिसऱ्या शतकातील दुरा-युरोपस येथील भिंतीवर आणि रोमच्या भुयारी स्मशानांत मेंढपाळाच्या रूपातील ख्रिस्त तरुण व दाढीविरहित आहे. लांब केस, दाढी व मध्यभागी भांग असलेले मुख पुढील शतकांत स्थिरावले. सीनाय पर्वतावरील मठातील सहाव्या शतकाचे चित्र त्याचा उत्तम नमुना होय. आपल्या घरांतील दिनदर्शिकांवर आढळणाऱ्या गोऱ्या, सौम्य मुखाचे मूळ तर त्याहून पुष्कळ अलीकडचे आहे. शिकागोचे चित्रकार वॉर्नर सॉलमन यांनी १९४० साली रंगविलेल्या ख्रिस्तमुखाच्या कोट्यवधी प्रती जगभर पोहोचल्या. आजच्या डागांत व छायाचित्रांत जो 'ख्रिस्त' दिसतो तो बहुधा हाच.

याउलट आपल्याच प्रदेशातील आंजेलो द फोन्सेका यांचे स्मरण करावे. १९०२ साली गोव्यात जन्मलेल्या व १९६७ साली पुण्यात निवर्तलेल्या या चित्रकाराने पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून भारतीय रूपातील ख्रिस्त व साडी नेसलेली मरीया रंगविली. त्यांना विरोधही सोसावा लागला. फोन्सेकांचा ख्रिस्त कोणास भिंतीवरील डागात दिसल्याचे आमच्या ऐकिवात नाही. याचा अर्थ उघड आहे. छायाचित्रात जे मुख प्रकट होते असे वाटते ते स्वर्गातून उतरलेले नसून आपल्या भिंतीवरून उतरलेले असते. जे चित्र आपण रोज पाहतो, तेच आपल्याला सर्वत्र भेटते.

दुसरी कसोटी शेजारधर्माची आहे. २००२ च्या सप्टेंबरात बंगळूर येथे एका चपातीवरील भाजल्याच्या डागांत येशूचे मुख दिसल्याची वार्ता पसरली व हजारो लोक दर्शनास गेले. २०१८ च्या जुलैत शिर्डीच्या द्वारकामाईच्या भिंतीवर साईबाबांचे मुख दिसल्याचे सांगण्यात आले, आणि तेथेही गर्दी लोटली. आपली चपाती चमत्कार आणि शेजाऱ्याची भिंत भ्रम, असे म्हणणे न्यायाचे नाही. एकच माप दोहोंस लावावे लागेल. ते माप लावले असता शेजाऱ्याचा उपहास करण्याचे तर सोडाच, त्याच्या व आपल्या अंतःकरणातील तहान एकच आहे हे ओळखण्याची संधी आपणांस मिळते.

रोमन कॅथॉलिक मंडळीने अशा घटनांच्या पारखेसाठी १९७८ साली नियम केले व मे २०२४ मध्ये ते नव्याने सुधारले. नव्या नियमांचा कल असा की, घटना अलौकिक आहे असा निर्णय सामान्यतः देऊ नये. तिची आध्यात्मिक फळे कोणती, तीत द्रव्यलोभ, असत्य किंवा लोकांवर दडपण आहे काय, हे तपासावे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांची परंपरा निराळी असली, तरी वृक्षाची पारख फळांवरून करण्याचा प्रभूचा नियम सर्वांसच लागू आहे.

यावरून धर्मशिक्षकांच्या कामासाठी काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. छायाचित्र घेऊन येणाऱ्यास प्रथम हसू नये, आणि प्रथम मान्यताही देऊ नये. त्यास बसवून ऐकून घ्यावे. घरात आजार आहे काय, कोणी निवर्तले आहे काय, नोकरी गेली आहे काय, हे विचारावे. पुष्कळदा छायाचित्रापेक्षा त्यामागील दुःखच आपल्यापुढे यावयाचे असते. मुख दिसणे हे पाप नव्हे, वेडही नव्हे, ती देवाने दिलेल्या दृष्टीचीच रीत आहे, असे समजावून सांगावे. प्रभूची आठवण झाली याबद्दल त्याच्यासह प्रार्थना करावी. मात्र ते चित्र वेदीपुढे ठेवू नये, त्याच्या प्रती वाटू नयेत, आणि त्याच्या नावाने दानपेटी तर कदापि फिरवू नये. आज यंत्राकडून हवे ते चित्र क्षणात बनविता येते, हेही तरुणांस सांगितले पाहिजे.

शेवटी पवित्र शास्त्राकडे यावे. पुनरुत्थित प्रभूला मुखावरून ओळखण्यात त्याचे जवळचे शिष्यही चुकले. मरीया मग्दालीयेस तो माळी वाटला. त्याने तिला नावाने हाक मारली तेव्हा तिने ओळखले. अम्माऊसच्या वाटेवर दोघे जण त्याच्याबरोबर चालले, बोलले, आणि तरी त्यांचे डोळे उघडले ते भाकर मोडताना. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात तर नीतिमानांनाही त्याची ओळख पटलेली नव्हती. भुकेल्याला त्यांनी अन्न दिले, तुरुंगात असलेल्याची भेट घेतली, आणि तो प्रभू होता हे त्यांना न्यायाच्या दिवशी कळले. जेथे मुख नाही तेथे मुख पाहण्याची शक्ती आपणांस उपजतच आहे. जेथे मुख आहे, म्हणजे पाळी संपवून दमून घरी परतणाऱ्या कामगाराच्या, दाराशी थांबलेल्या वृद्धेच्या, आपली भाषा न बोलणाऱ्या शेजाऱ्याच्या ठायी, तेथे प्रभूला पाहण्याची शक्ती मात्र कृपेने व अभ्यासाने मिळवावी लागते. ती आपल्या लोकांना शिकविणे हेच धर्मशिक्षकाचे काम होय.