आधी गुरुकुल, मग मूर्ती

भगवान बाहुबलींची भव्य मूर्ती बहुधा उघड्या आकाशाखालीच उभी असते, आणि त्यास कथेचाच आधार आहे. भरत चक्रवर्तीस जिंकूनही ज्यांनी राज्याचा त्याग केला, ते बाहुबली वर्षभर कायोत्सर्गात उभे राहिले. पायांशी वारुळे वाढली, अंगावर वेली चढल्या. अशा तपस्व्यास छत ते कशाला? श्रवणबेळगोळ येथे चामुंडरायाने इ. स. ९८१ च्या सुमारास घडविलेली मूर्ती, त्यानंतरच्या कारकळ (१४३२) व वेणूर (१६०४) येथील मूर्ती याच परंपरेतील होत. महाराष्ट्रात तिचे दर्शन कोल्हापूर जिल्ह्यात, कुंभोजनजीकच्या बाहुबली क्षेत्रावर घडते.

या क्षेत्राच्या आजच्या वैभवाची बीजे मात्र यवतमाळकरांच्या शेजारीच, कारंजा (लाड) येथे रुजली. पूज्य समंतभद्र महाराज, गृहस्थाश्रमातील देवचंद शहा, यांनी १९१८ मध्ये तेथे महावीर ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना केली. यवतमाळहून मूर्तिजापूरकडे जाणारी 'शकुंतला' दारव्ह्यावरून याच कारंज्यास थांबत असे. लौकिक विद्या आणि धर्मसंस्कार एकाच छताखाली मिळावेत, हा आश्रमाचा हेतू होता. जैनविद्येचे जगन्मान्य अभ्यासक डॉ. पद्मनाभ जैनी हे बालवयात कर्नाटकातून येऊन येथेच शिकले.

हीच दृष्टी घेऊन महाराजांनी १९३४ मध्ये बाहुबली येथे गुरुकुल सुरू केले. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांचे जन्मगाव कुंभोजच, हा योगही लक्षात घेण्याजोगा आहे. बाहुबलींची अठ्ठावीस फुटी शुभ्र संगमरवरी मूर्ती येथे प्रतिष्ठित झाली ती १९६३ मध्ये. म्हणजे गुरुकुलानंतर तब्बल एकोणतीस वर्षांनी. आधी विद्यार्थी, मग मूर्ती, हा क्रम अर्थपूर्ण आहे.

मूर्तीच्या परिसरात सम्मेदशिखर, गिरनार, पावापुरी आदी सिद्धक्षेत्रांच्या प्रतिकृती उभारलेल्या आहेत. दूरची यात्रा ही प्रत्येकाच्या आवाक्यातील गोष्ट नव्हे. शेतीवाडी, दुकान वा प्रकृती यांमुळे ज्यांना शिखरजीचे दर्शन घडले नाही, त्यांना या प्रतिकृतींपुढे हात जोडता येतात. बालकांच्या दृष्टीने तर तो चालता-फिरता वाचावयाचा ग्रंथच होय. कोणते तीर्थंकर कोठून मोक्षास गेले, हे पाठांतराने विसरेल. परंतु पायांनी फिरून पाहिलेले सहसा विसरत नाही. टेकडीवर श्वेतांबर परंपरेचे जगवल्लभ पार्श्वनाथ मंदिरही असल्याने दोन्ही आम्नायांच्या भाविकांची पावले येथे वळतात.

समाजाकडील द्रव्य मर्यादित असते. ते पाषाणास द्यावे की पाठशाळेस, हा प्रश्न प्रत्येक संस्थेपुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो. बाहुबली क्षेत्राने तो कृतीने सोडविला. एकट्या मूर्तीने माणूस नतमस्तक होतो, पण तिचा अर्थ सांगणारे कोणी नसेल तर पुढच्या पिढीस ती केवळ उंच दगड वाटेल. उलट, डोळ्यांपुढे आदर्श नसेल तर विद्याही कोरडी राहते.

सर्वस्व जिंकून सर्वस्व सोडणाऱ्याची ही मूर्ती आहे. तिच्या सावलीत उभ्या असलेल्या संस्थेचे मोजमाप मूर्तीच्या उंचीवर नव्हे, तर तेथून शिकून बाहेर पडलेल्या मुलांच्या आचरणावरच व्हावयास हवे. पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना कोणत्याही ट्रस्टने हीच फूटपट्टी हाती घेणे उचित ठरेल.