सजगता-सराव : अवधानन्यूनता व नैराश्यासाठी अनुकूलन

सजगता-सराव (माइंडफुलनेस) म्हणजे चालू क्षणी शरीरात व मनात जे घडते आहे त्याकडे, बरे-वाईट न ठरवता, लक्ष देणे. अवधानन्यूनता-अतिचंचलता विकार (एडीएचडी) आणि नैराश्य (डिप्रेशन) असलेल्यांना तो मूळ स्वरूपात अनेकदा झेपत नाही; म्हणून त्याची वेळ, बैठक व क्रम बदलून घ्यावे लागतात. प्रौढांमध्ये हे दोन्ही विकार पुष्कळदा एकत्र आढळतात. चित्त एकाग्र ठेवणे हाच या सरावाचा हेतू, असा समज रूढ आहे आणि या रुग्णांचे सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होते. मन भटकल्याचे ध्यानात येणे व ते परत आणणे, एवढाच हा सराव. पाच मिनिटांत वीस वेळा परत आणावे लागले, तर सराव वीस वेळा झाला.

पार्श्वभूमी : जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जुनाट वेदनांच्या रुग्णांसाठी सजगतेचा कार्यक्रम सुरू केला. सीगल, विल्यम्स व टीसडेल यांनी त्याला बोधात्मक उपचाराची (कॉग्निटिव्ह थेरपी) जोड देऊन नैराश्यासाठी वेगळी पद्धत बांधली. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या चाचणीत, नैराश्याचे तीन किंवा अधिक झटके येऊन गेलेल्यांपैकी नेहमीच्या उपचारांवर असलेल्या 66 टक्के रुग्णांना ते पुन्हा जडले, तर ही पद्धत शिकलेल्यांत हे प्रमाण 37 टक्के होते. दोनच झटके आलेल्यांना फायदा दिसला नाही. ही पद्धत बरे वाटू लागलेल्या काळासाठी आखलेली होती, हे पुढील प्रचारात मागे पडले.

अवधानन्यूनतेसाठी लिडिया झायलोव्स्का यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात (लॉस एंजेलिस) केलेला प्रयोग 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 24 प्रौढ व 8 किशोरवयीन होते. बैठक पाच मिनिटांपासून सुरू करून हळूहळू पंधरापर्यंत नेली. बसवत नसेल त्याला चालत सराव करण्याची मुभा दिली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नेदरलँड्समधील 120 प्रौढांच्या चाचणीत (2019) असा गट होता आणि लक्षणे कमी झाल्याचे त्यातही दिसले.

विपश्यना : महाराष्ट्रात ध्यान म्हटले की बहुतेकांना इगतपुरीचे विपश्यना केंद्र आठवते. ही साधना भारतात शिकवणारे सत्यनारायण गोएंका (1924–2013) हे मूळचे म्यानमारमधील मंडालेचे. आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकून त्यांनी 1969 मध्ये मुंबईत पहिले शिबिर घेतले. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र 1976 मध्ये सुरू झाले. दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला घंटा होते, दिवसाला सुमारे दहा तास बैठक आणि दहाव्या दिवसापर्यंत मौन असते. विपश्यना शिकवल्यानंतर दिवसातून तीनदा तासभर आसन न बदलता बसायचे असते. गंभीर मानसिक विकार असणाऱ्यांना शिबिराची शिफारस नाही. अर्जातच पूर्वीचे आजार व चालू औषधे विचारली जातात. ती माहिती लपवून जाणे धोक्याचे आहे. ही साधना व रुग्णालयीन सजगता-सराव यांचे नाते किती, याबाबत मतभेद आहेत.

अनुकूलन : वेळ तीन ते पाच मिनिटे. डोळे उघडे, नजर जमिनीवर. नैराश्यात डोळे मिटून एकटे बसले की विचारांचे चऱ्हाट सुरू होते, म्हणून लक्ष देण्यासाठी श्वासाऐवजी तळपाय, हाताचा स्पर्श किंवा बाहेरचा आवाज धरतात. चालण्याचा सराव असा : ओसरीवर किंवा अंगणात दहा-बारा पावलांची वाट ठरवावी. टाच टेकली, तळवा टेकला, भार पुढे गेला, एवढेच पाहावे. मन शेतात, कर्जात, भांडणात गेल्याचे कळले की मनात ‘विचार’ म्हणावे आणि पुढच्या पावलावर यावे. टोकाला पोहोचल्यावर थांबून मगच वळावे. विसर पडणे हा अवधानन्यूनतेचाच भाग असल्याने सराव ठरलेल्या कामाला जोडतात, उदा. चहाचे आधण उकळेपर्यंत. दिवस चुकला तर भरपाई करायची नाही. अंथरुणातून उठवत नसेल, तर ध्यान बाजूला ठेवून आधी अंघोळ, ऊन, दोन माणसांशी बोलणे. धडधड किंवा जुन्या आघाताच्या आठवणी वाढल्यास सराव थांबवावा.

औषधे : सरावासाठी बंद करू नयेत.

मुले : राज्यातील शाळांत ‘मित्र उपक्रमा’तून आनापान (श्वासाकडे लक्ष देण्याचा सराव) शिकवले जाते, चंचल मुलाला तिथे स्थिर बसण्याची सक्ती नसावी.

कनेरगाव नाका परिसर : हिंगोली–वाशीम रस्त्यावर, मराठवाडा-विदर्भ सीमेवरचे गाव. राज्यातील जुन्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी (ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी) एकही मराठवाड्यात नाही, त्यामुळे येथे प्रशिक्षित मार्गदर्शकाची वाट पाहत बसण्यापेक्षा घरी करता येणारा छोटा सरावच उपयोगाचा. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी हिंगोली जिल्ह्यातच आहे. गावोगावच्या हरिपाठात टाळाच्या ठेक्यावर पावली खेळतात. पाऊल, ताल व शब्द एकाच वेळी सांभाळायचे आणि चुकले की शेजाऱ्याच्या पावलावर परत यायचे. बसून ध्यान न जमणाऱ्याला, भजनाची आवड असल्यास, हा मार्ग सुचवण्याजोगा आहे, मात्र तो उपचार नव्हे. मोफत दूरध्वनी समुपदेशनासाठी केंद्र शासनाची टेलि-मानस सेवा (क्रमांक 14416) ऑक्टोबर 2022 पासून उपलब्ध आहे. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर सरावाआधी हा फोन करावा.